भाड्याच्या खोलीतील ओल आणि कुबट वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाण्यापासून खाली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना जून ते सप्टेंबर या काळात जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. पुणे, नाशिक किंवा नागपूर येथील वाचकांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल. मात्र तिकडची हवा लवकर सुकते, त्यामुळे तिथे खोलीला सतत वास येत असेल तर हवामानाला बोल लावण्याआधी गळतीचा संशय घ्यावा. भिंत फोडणे, बाहेरून गिलावा करणे किंवा नळ बदलणे हे भाडेकरूच्या हातात नसते, हे गृहीत धरूनच ही उत्तरे लिहिली आहेत.

खोलीत ओल कुठेच दिसत नाही, तरी कुबट वास येतो. हा वास नेमका कशाचा असतो?

बुरशी वाढताना हवेत काही द्रव्ये सोडते आणि ती डाग दिसण्याच्या कितीतरी आधी नाकाला कळतात. त्यामुळे वास आहे पण ओल दिसत नाही, याचा अर्थ ओल नाही असा होत नाही. आपण ती अजून पाहिलेली नाही, एवढाच होतो. कपाटाची पाठ, बॉक्स बेडचा तळ, माळ्यावर टाकलेल्या बॅगा, सिंकखालचा प्लायवूडचा कप्पा आणि पडद्याआड गेलेली खिडकीखालची भिंत या जागा आधी पाहाव्यात. अडचण अशी की रोज त्याच खोलीत वावरणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय होऊन जाते. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर कुलूप काढताच जो पहिला वास येतो, त्यावर भरवसा ठेवावा, आणि पंखा लावण्याआधी कपाटाचे एकेक दार उघडून वास घेत खोलीभर फिरावे.

प्रत्येक वास ओलीचाच असतो असेही नाही. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भागात, नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि तेच गटारातला वायू वर येऊ देत नाही. न्हाणीघर काही दिवस वापरले गेले नाही तर ते पाणी आटते आणि वास थेट घरात शिरतो. तिथे दोन मग पाणी ओतल्यावर वास थांबला, तर पुढचे काहीच वाचायची गरज नाही. एसी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटेच वास येत असेल तर फिल्टर आणि पाण्याचा ट्रे साफ करून घ्यावा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनच्या रबरी कड्याच्या घडीत काळा गाळ साठतो, त्याचाही वास अगदी ओलीसारखाच असतो.

ओल हवेतली आहे की भिंतीतली, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

सगळ्या खर्चाची दिशा या एका प्रश्नावर ठरते, म्हणून इथे घाई करू नये. भिंतीचा संशयित भाग कोरड्या फडक्याने पुसून त्यावर वीतभर लांबीरुंदीचा अॅल्युमिनियम फॉइलचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवावा आणि चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद कराव्यात. एक-दोन दिवसांनी पाहिल्यावर तुकड्याच्या खोलीकडील बाजूवर दव जमलेले असेल तर ओलावा हवेतला आहे. तुकडा काढल्यावर आतली, म्हणजे भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येत आहे. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही कारणे आहेत असे समजावे, आणि जुन्या इमारतींत तसेच बहुधा निघते.

त्याच्या जोडीला डागाची जागा वाचता आली पाहिजे. छताच्या मध्यावर तपकिरी कडा असलेले गोल डाग असतील आणि नेमक्या त्यावर वरच्या घराचे न्हाणीघर असेल, तर वेगळा पुरावा शोधायची फारशी गरज नसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी उतरणारी ओल चौकटीच्या फटीतून किंवा छज्ज्यावर तुंबलेल्या पाण्यातून येते. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत एकसारखा पट्टा असेल आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा भुरा क्षार फुटलेला असेल, म्हणजे भिंतीला लोणा लागला असेल, तर जमिनीतले पाणी दिव्यातल्या वातीत तेल चढावे तसे विटांतून चढत आहे. असा क्षार हवेतला ओलावाही ओढतो, म्हणून लोणा लागलेली भिंत पाऊस नसलेल्या दमट दिवशीही घाम आल्यासारखी दिसते.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पेन्सिल. डागाच्या कडेने बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. जोराची सर येऊन गेल्यावर एक-दोन दिवसांत डाग रेघेबाहेर सरकला तर पाणी बाहेरच्या भिंतीतून येते. पाऊस उघडला तरी तो वाढतच राहिला तर नळाची किंवा सांडपाण्याची वाहिनी कुठेतरी गळते आहे. मालकाशी बोलताना या तारखांइतके उपयोगी दुसरे काही नाही.

यावर इतका जोर देण्याचे कारण माझ्या अनुभवातले आहे. एका भाड्याच्या खोलीत मी जवळपास दोन महिने लोखंडी कपाटात ओलावा शोषणाऱ्या पिशव्या बदलत राहिलो. शेवटी कपाट रिकामे करून भिंतीपासून ओढले, तेव्हा मागे अडकलेले आधीच्या कुणा बिऱ्हाडाचे दिनदर्शिकेचे पान भिंतीला घट्ट चिकटलेले होते आणि ते सोलताना त्याबरोबर रंगाचा पापुद्रा ओल्या पापडासारखा सुटून आला. खिडकीतून वाकून पाहिले तर वरच्या घरातल्या एसीची पाण्याची नळी नेमकी आमच्या छज्ज्यावर ठिबकत होती आणि छज्ज्याचा उतार भिंतीकडे होता. नळी दीड फूट लांब केल्यावर पुढच्या काही आठवड्यांत भिंत सुकली. पिशव्यांवर खर्च झालेले पैसे अर्थातच परत आले नाहीत.

पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद?

उघड्या ठेवाव्यात, पण त्यामुळे खोली कोरडी होईल अशी अपेक्षा धरू नये. साधा हिशेब करून पाहता येतो. दहा बाय बाराच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३० घनमीटर हवा असते. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, आणि किनाऱ्यावरच्या जुलैत ती असतेच, तर त्या सगळ्या हवेत मिळून पाऊण लिटरहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपात असते. खिडकी उघडली की ही हवा जाते आणि जवळपास तितकीच ओली हवा आत येते. वास मात्र जातो, स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ निघून जाते, आणि भिंतीलगत साचून राहिलेली हवा हलते. बुरशीला साचलेली हवा आवडते, म्हणून हलती हवा दमट असली तरी उपयोगाचीच.

पाऊस उघडला असेल तेव्हा, विशेषतः दुपारी, समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार तासभर सताड उघडावे. पाणी आत मारत असताना नैर्ऋत्येकडची बाजू बंद ठेवून आडोशाची उघडी ठेवावी. आंघोळीनंतर न्हाणीघराचे दार बंद करून एक्झॉस्ट पंखा पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावा. दार उघडे टाकून वाफ खोलीत सोडण्याची सवय बहुतेक घरांत असते आणि तीच पहिली मोडायला हवी.

कपडे खोलीतच वाळवावे लागतात. त्याने कितीसा फरक पडतो?

पुष्कळ पडतो. पाच किलो कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांत दोन ते तीन लिटर पाणी उरलेले असते. वरच्या हिशेबाशी ताडून पाहिले तर खोलीतल्या सगळ्या हवेत जेवढे पाणी असते त्याच्या तिप्पट पाणी एका धुण्याबरोबर आपण आत आणतो, आणि ते कपड्यांतून निघून भिंती, गाद्या व पुस्तके यांच्यात जाते. बाल्कनी किंवा गॅलरी नसेल तर इलाज नाही, हे मान्य आहे. पण मग एकाच दिवशी सगळे धुणे न काढता थोडे थोडे काढावे, मशीनमध्ये दुसऱ्यांदा नुसते पिळून घ्यावे, आणि दोरी भिंतीलगत न बांधता पंख्याखाली, खिडकीच्या वाटेत बांधावी. दोन कपड्यांमध्ये चार बोटे अंतर राहिले पाहिजे. जीन्स, टॉवेल आणि चादरी यांना वाळायला सर्वांत जास्त वेळ लागतो. त्या जवळच्या लॉन्ड्रीत ड्रायरवर वाळवून घेणे परवडत असेल तर तेवढ्यापुरता खर्च करावा.

जुन्या घरांत बाळाची दुपटी आणि लंगोट निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवत असत. त्या घरांना कौलांच्या फटी होत्या, पडव्या होत्या. सरकत्या काचांच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस दगावू शकतो.

मीठ, कोळसा, चुना किंवा बाजारात मिळणारे ओलावा शोषणारे डबे यांचा उपयोग होतो का?

बंद कपाटात होतो, उघड्या खोलीत होत नाही. बाजारातल्या डब्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. ते ओलावा खेचून स्वतःच पाणी होते आणि काही आठवड्यांत काही शे मिलीलिटर पाणी डब्यात जमा करते. दार घट्ट लागणाऱ्या कपाटाला तेवढे पुरते. खिडकी उघडी असलेल्या खोलीत तोच डबा ठेवणे म्हणजे समुद्र वाटीने उपसणे. डब्यातले पाणी खारट व चिकट असते. ते कपड्यांवर किंवा चामड्यावर सांडले तर डाग राहतो, म्हणून डबा वरच्या कप्प्यात न ठेवता तळाशी, सपाट जागी ठेवावा.

मिठाबद्दल एक गमतीची गोष्ट आहे. साधे मीठ हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच ओलावा ओढू लागते. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ती त्यामुळेच. पण बुरशीला त्याच्या आसपासचीच आर्द्रता पुरते, त्यामुळे मिठाची वाटी पूर्ण भिजली तरी बुरशीचे फारसे बिघडत नाही. कोळसा वास थोडाफार शोषतो, पाणी फारसे नाही. चुनकळी (न विझवलेला चुना) मात्र ओलावा खरोखर घेते, परंतु पाणी लागताच ती तापते आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करते. लहान मुले असलेल्या घरात ती आणूच नये. या सगळ्यांच्या आधी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्यावा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीची चिंता नको, आणि तो दिवसेंदिवस ८० च्या वर असेल तर कोणत्याही वाटीने तो उतरणार नाही.

मग ओलावा काढणारे यंत्र घ्यावे का? एसीचा ड्राय मोड पुरतो का?

ज्या घरात पुस्तके, वाद्ये किंवा कॅमेरे आहेत, किंवा कुणाला दमा आहे, तिथे कॉम्प्रेसरवर चालणारा डीह्युमिडिफायर घेणे योग्य ठरते. तो दिवसाला कित्येक लिटर पाणी काढतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी हातात मावणारी यंत्रे दिवसभरात पेलाभर पाणीही जेमतेम काढतात. त्यांना कपाटाच्या पलीकडचे काम सांगू नये. दोन्ही यंत्रे दारे-खिडक्या बंद ठेवूनच चालवायची असतात.

एसीही हवेतले पाणी काढतोच, आणि ड्राय मोडमध्ये खोली फार गार न करता काढतो. पण त्याचा एक उलटा परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेला २७ अंशांच्या आसपासच दव सुटते. शेजारच्या खोलीत एसी रात्रभर २२ वर चालला की मधली भिंत गार पडते आणि तिच्या अलीकडच्या, एसी नसलेल्या बाजूला दव जमू लागते. कपाट नेमके त्याच भिंतीला टेकलेले असेल तर त्याच्या पाठीला हिरवट बुरशी धरते. यात गळती कुठेच नसते, म्हणून प्लंबर येऊन परत जातो. एसी २६ वर ठेवणे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, एवढ्याने काम भागते.

भिंतीवरचे काळे ठिपके कसे साफ करावेत? ब्लीच वापरावे का?

डाग एकूण दहा चौरस फुटांच्या आत असतील तर स्वतः साफ करायला हरकत नाही. त्याहून मोठा पसारा असेल तर मालकाला सांगून माणूस लावावा. कोरड्या ब्रशने कधीही घासू नये, कारण बुरशीचे बीजाणू उडून खोलीभर होतात. एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घालून, खिडकी उघडून, कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात फडके बुडवावे, ते पिळून घ्यावे आणि कडेकडून मध्याकडे पुसत यावे. मग स्वच्छ पाण्याने पुसून पंख्याने पूर्ण सुकवावे आणि फडके टाकून द्यावे. साध्या डिस्टेंपरवर जोर दिला तर रंगही निघून येतो, म्हणून आधी कपाटामागे दिसणार नाही अशा जागी करून पाहावे. डाग गेला आणि डिपॉझिटही गेले, असे व्हायला नको.

ब्लीच फरशी, टाइल आणि त्यांच्या सांध्यांवर चांगले काम करते. गिलाव्यावर मात्र ते वरचा रंग उडवते, त्यातले पाणी भिंत पिते, आणि आत राहिलेली बुरशी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा वर येते. एक गोष्ट अजिबात करू नये : ब्लीच हे टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा कोणत्याही आम्लात मिसळू नये, आणि अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रवातही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि आपली न्हाणीघरे इतकी लहान असतात की दार उघडेपर्यंतही वेळ मिळत नाही. व्हिनेगर मार्बलवर, कोटा फरशीवर किंवा कडाप्प्याच्या ओट्यावर टाकू नये. दगडाची चकाकी जाते.

धूप, कापूर, उदबत्ती किंवा डांबरगोळ्यांनी वास जातो का?

झाकला जातो. संध्याकाळी धूप जाळण्याची प्रथा ज्याला पाळायची त्याने अवश्य पाळावी, पण तो ओलीवरचा उपाय नाही. डांबरगोळ्यांचे मुख्य काम कसर दूर ठेवण्याचे. नॅफ्थलिनच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत त्या कधीही ठेवू नयेत, कारण जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलिनमुळे फुटू शकतात, आणि अशी कमतरता आहे हे घरात बहुधा कुणाला ठाऊक नसते.

कपाटातले कपडे, गाद्या, चपला आणि पुस्तके कशी राखावीत?

कपाट ठासून भरू नये आणि इस्त्रीचे कपडे गरम असतानाच घडी करून आत ठेवू नयेत. त्यांच्यात वाफ असते. रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळाव्यात. चामड्याच्या पट्ट्यावर किंवा चपलांवर पांढरट-हिरवी भुकटी आली तर ती घराबाहेर नेऊन ओलसर फडक्याने पुसावी आणि सावलीत वाळवावी. पावसाळाभर चामड्याच्या वस्तू बंद खोक्यात ठेवण्यापेक्षा उघड्या मांडणीवर ठेवलेल्या बऱ्या.

गादी सरळ फरशीवर अंथरून झोपणाऱ्यांनी, आणि भाड्याच्या खोल्यांतले अर्धे बिऱ्हाड असेच झोपते, सकाळी ती भिंतीला उभी करून ठेवावी. अंगाचा घाम आणि खालच्या थंड फरशीचे दव या दोन्हींच्या मध्ये ती सापडलेली असते. कापसाची गादी एकदा आतून कुबट झाली की पावसाळ्यात ती सुधारत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस तापवून, जमल्यास पिंजून, नव्या खोळीत भरून घ्यावी. फोमच्या गादीत बुरशी शिरली असेल तर ती टाकून द्यावी.

पुस्तके बाहेरच्या भिंतीला लावलेल्या फळ्यांवर नकोत, आणि फळीच्या पाठीला टेकलेलीही नकोत.

स्विचबोर्डाजवळची भिंत ओली झाली आहे. काय करावे?

त्या बोर्डाचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) उतरवावा, बोर्डाला हात लावू नये आणि इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवावे. छतावरच्या दिव्यातून किंवा पंख्याच्या कपातून पाणी ठिबकत असेल तर मुख्य स्विच बंद करावा. इथे मालकाच्या परवानगीची वाट पाहू नये.

मालक म्हणतात, "रंग लावून देतो." ते पुरेसे आहे का?

नाही. ओल्या भिंतीवर लावलेला ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफ म्हणून विकला जाणारा रंग पाण्याला खोलीच्या बाजूने अडवतो, मागून येणारे पाणी थांबवत नाही. काही महिन्यांत त्याला फोड येतात आणि पोपडे निघतात. तळमजल्यावर चढणारी ओल झाकण्यासाठी तीन फूट टाइल लावल्या तर ती टाइलच्या वरून डोके काढते. पीव्हीसीच्या फळ्या आणि वॉलपेपर हे त्याहून वाईट, कारण त्यांच्यामागे बुरशीला एकांत मिळतो.

रंगाची वेळही चुकते. दिवाळीआधी घर रंगवायचे म्हणून सप्टेंबरअखेर पुट्टी लागते, तेव्हा भिंतीने चार महिन्यांचा पाऊस प्यायलेला असतो. आधी बाहेरची भेग, छज्जा किंवा नळी दुरुस्त व्हावी, मग भिंतीला कोरडे होण्यासाठी काही आठवडे मिळावेत, आणि रंग डिसेंबरनंतर लागला तरी चालेल, असे मालकाला सुचवून पाहावे. कबूल करायला हवे की दिवाळीचे नाव निघाले की हे म्हणणे क्वचितच ऐकले जाते.

दुरुस्तीची जबाबदारी कोणाची? भाड्यातून पैसे कापता येतात का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. लेखी सूचना दिल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

हे वाचून लगेच गवंडी बोलावू नये. हे कलम भाडेकरूसाठी आहे, आणि आज शहरांत बहुतेकांकडे असतो तो ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत सर्वसाधारणपणे भाडेकरू नसून परवानाधारक असतो, त्यामुळे त्याच्यासाठी करारातली कलमेच निर्णायक ठरतात. सही करण्याआधी दोन वाक्ये घालून घ्यावीत : बाहेरच्या भिंती, छत आणि भिंतीतल्या वाहिन्या यांची गळती मालक ठरावीक मुदतीत दुरुस्त करील, आणि त्या गळतीमुळे रंगाची झालेली खराबी डिपॉझिटमधून कापली जाणार नाही. मालक चांगला असेल तर त्याला यात अडचण वाटत नाही.

गृहनिर्माण सोसायटीत तिसरा पक्षही असतो. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्ची, बाहेरच्या भिंती व सामाईक वाहिन्या यांमुळे होणारी, पावसाच्या पाण्याची धरून, गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम आहे, आणि एखाद्या सदस्याच्या न्हाणीघरातून किंवा सिंकमधून खाली होणारी गळती त्या सदस्याने दुरुस्त करायची असते. तक्रार मात्र घराच्या मालकाने, म्हणजे सदस्याने करावी लागते. म्हणून आपण मालकाला फोटो व तारखांसह लिहावे आणि त्याने ते पत्र सोसायटीकडे पाठवावे, असा आग्रह धरावा. वरच्या घरावर संशय असेल तर त्यांच्या न्हाणीघरात रंगीत पाणी सोडून खाली रंग उतरतो का, हे पाहण्याची सोपी चाचणी प्लंबर करतात. वरच्यांची संमती मिळवणे हेच त्यातले अवघड काम.

अशा खोलीत राहिल्याने आजार होतात का?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दम्याचा त्रास, खोकला, श्वासात घरघर आणि श्वसनाचे इतर विकार यांचा ओलसर घरांशी संबंध नोंदवलेला आहे. काळी बुरशी दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण घरात दमेकरी, तान्हे बाळ किंवा वृद्ध माणूस असेल तर निदान त्यांचे अंथरूण ओल्या भिंतीपासून हलवावे. घराबाहेर बरा राहणारा खोकला घरात आल्यावर वाढत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

उन्हाळ्यात खोली पाहायला जातो तेव्हा सगळे कोरडेच दिसते. पावसाळ्यातली ओल आधी कशी ओळखावी?

रिकाम्या घरात उदबत्ती लावलेली असेल किंवा एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर तिथेच थांबून पाहावे. भिंतीवरून हाताची पालथी बाजू फिरवावी. गारवा तिला लवकर कळतो. कपाटे उघडून वास घ्यावा, सिंकखाली आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात नखाने हलकेच खरवडून पाहावे. गिलावा भुगा होऊन पडला तर क्षार आत आहे.

मग दिशा पाहावी. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती मार खातात. कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, तयारी करताना पडवीच्या त्याच अंगाला झावळ्यांची झापे बांधतात, महाबळेश्वरला घरांच्या भिंती कुलुम गवताने झाकतात, आणि मुंबईत मे महिन्याच्या अखेरीस निळी प्लास्टिके वर चढतात. इमारतीखाली उभे राहून वर पाहावे : गच्चीवर निळे प्लास्टिक असेल तर शेवटचा मजला गळतो हे कुणी सांगायला नको. बाहेरच्या भिंतीवर पिंपळाचे रोपटे उगवलेले दिसले तर त्या भेगेत पाणी आहे. जांभ्या दगडाची घरे उन्हाळ्यात गार असतात, पण बाहेरून गिलावा नसेल तर तो सच्छिद्र दगड पाणी पितो.

एजंटपेक्षा खालच्या घरातल्या आजींना विचारलेले बरे.

खोली सोडताना ओलीमुळे खराब झालेल्या भिंतीचे पैसे डिपॉझिटमधून कापले तर?

याचे उत्तर खोलीत शिरण्याच्या दिवशी तयार करून ठेवावे लागते. सामान आणण्याआधी प्रत्येक भिंतीचे, छताचे आणि कपाटांच्या आतल्या बाजूचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने पाठवावेत. जुने डाग, पोपडे आणि भेगा यांची यादी त्याखाली लिहावी आणि "मिळाले" एवढे तरी उत्तर मागून घ्यावे. पुढे ओल दिसेल तेव्हा फोनवर न बोलता लिहूनच कळवावे, कारण फोनवरचे बोलणे अकरा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. खोली ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोडत असाल तर निघण्याआधी आठवडाभर कपाटे उघडी ठेवून, गाद्या उन्हात घालून, भिंती पुसून घ्याव्यात आणि पेन्सिलच्या रेघा व तारखा दिसतील असे शेवटचे फोटो काढावेत. त्या रेघा पुसू नयेत. नव्या बिऱ्हाडाला त्या उपयोगी पडतील.